पबमेड: जैवतंत्रज्ञानाचा इतिहास मूळ शोधनिबंधांतून वाचू इच्छिणाऱ्यांसाठी

जैवतंत्रज्ञान आणि वैद्यकीय संशोधन यांच्या इतिहासातील टप्प्यांच्या याद्या सर्वत्र मिळतात आणि त्या बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. पेनिसिलिन, डीएनएची दुहेरी सर्पिल रचना, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत), मानवी जनुकसंच, जनुकसंपादन. प्रत्येकापुढे एक सन आणि एक-दोन नावे. एवढ्यावर समाधान न मानता ज्याला मूळ शोधनिबंध उघडून पाहावेसे वाटतात, त्याच्यासाठी आज उपलब्ध असलेल्या मोफत साधनांपैकी पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची महाजालावरील सूची, हे सर्वांत भरवशाचे आहे, असे माझे मत आहे. मात्र ही सेवा इतिहासाच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून उभारलेली नाही. रुग्णाच्या उपचारासाठी ताजी माहिती शोधणारा डॉक्टर आणि प्रयोगशाळेतील संशोधक हे तिचे खरे ग्राहक, आणि ही गोष्ट जुने काही शोधताना पावलोपावली जाणवते. प्रस्तुत परीक्षण केवळ इतिहासवाचनाच्या दृष्टीने केले आहे. चालू संशोधनासाठी तिचा उपयोग किती, हा निराळा विषय आहे.

सेवेचे स्वतःचे मूळही बरेच जुने आहे. अमेरिकेच्या लष्करातील शल्यप्रमुखांच्या कार्यालयाचे ग्रंथालय सांभाळणाऱ्या जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली, आणि तेच ग्रंथालय पुढे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६४ मध्ये सूची तयार करण्याचे काम संगणकावर गेले, १९७१ मध्ये मेडलाइन या नावाने ती दुरून चाळता येऊ लागली, जानेवारी १९९६ मध्ये पबमेड प्रायोगिक स्वरूपात महाजालावर आले आणि जून १९९७ मध्ये ते सर्वांना मोफत खुले झाले. छापील सूची २००४ च्या अखेरीस बंद पडली. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, त्या पाहण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि पानावर जाहिरात दिसत नाही. सरकारी पैशावर चालणारी सेवा इतकी वर्षे इतकी नेटकी राहिली, ही कौतुकाचीच बाब म्हटली पाहिजे.

नवख्या वाचकाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. पबमेडमध्ये निबंध नसतो, निबंधाची नोंद असते: शीर्षक, लेखक, नियतकालिकाचे नाव, खंड, पृष्ठ, विषयशीर्षके आणि असल्यास सारांश. पूर्ण मजकूर हवा असेल तर उजवीकडच्या दुव्यावरून प्रकाशकाकडे किंवा २००० साली सुरू झालेल्या पबमेड सेंट्रल या सख्ख्या भावंडाकडे जावे लागते. दोन्ही नावे इतकी सारखी आहेत की पुष्कळ लोक त्यांत गल्लत करतात आणि ‘पबमेडवर निबंध उघडत नाही’ अशी तक्रार करतात. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो आणि तो कधी बदलत नाही, त्यामुळे तेवढा क्रमांक टिपून ठेवला तरी पुरते. हे क्रमांक कालक्रमाने लावलेले नाहीत. पहिल्या क्रमांकाची नोंद १९७५ मधली असून ती मिथेनॉलच्या विषबाधेत शरीरातील फॉर्मेट कसे मोजावे याविषयीची आहे, तर डीएनएच्या रचनेवरील १९५३ च्या निबंधाचा क्रमांक १३०५४६९२ आहे, कारण जुन्या छापील सूच्या संगणकावर चढवण्याचे काम नंतर झाले. क्रमांकावरून काळाचा अंदाज बांधू नये, एवढाच याचा व्यावहारिक अर्थ.

शोध इंग्रजीतूनच घ्यावा लागतो. जर्मन, फ्रेंच किंवा जपानी निबंधांची शीर्षकेही इंग्रजी भाषांतरात, चौकटी कंसांत दिलेली असतात. निकालांचा क्रम आपोआप ‘सर्वांत सुसंगत’ असा लागलेला असतो आणि तो नव्या निबंधांकडे झुकतो. इतिहास शोधणाऱ्याने पहिल्याच झटक्यात हा क्रम बदलून प्रकाशनाच्या तारखेनुसार, जुने आधी, असा करून घ्यावा. डाव्या बाजूला दरवर्षी किती निबंध आले याचा छोटा स्तंभालेख दिसतो. एखादी कल्पना किती वर्षे कोपऱ्यात पडून होती आणि कोणत्या वर्षी तिच्यावर सगळ्यांची उडी पडली, हे त्या स्तंभांच्या उंचीवरून लगेच लक्षात येते. माझ्या मते इतिहासाच्या वाचकासाठी या पानावरील सर्वांत उपयोगी वस्तू हीच आहे, आणि तिची आखणी मात्र अगदीच लहान ठेवली आहे.

आता प्रत्यक्ष निबंधांकडे वळू. ब्रिटिश मेडिकल जर्नलचे जुने अंक पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण उपलब्ध आहेत आणि त्यांत ३० ऑक्टोबर १९४८ चा स्ट्रेप्टोमायसिनवरील अहवाल आहे. क्षयावरील या औषधाची चाचणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने घेतली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे आणि कोणाला केवळ अंथरुणावर विश्रांती, हे बंद लिफाफ्यांतील यादृच्छिक क्रमाने ठरवण्यात आले. एकूण १०७ रुग्ण, त्यांपैकी ५५ जणांना औषध, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. क्ष-किरण चित्रांत लक्षणीय सुधारणा पहिल्या गटातील २८ जणांत आणि दुसऱ्या गटातील केवळ ४ जणांत आढळली, आणि ती चित्रे तपासणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. आधुनिक औषधचाचणीचा पाया म्हणून या अहवालाचा उल्लेख सगळीकडे होतो, पण तो प्रत्यक्ष वाचल्यावर दोन गोष्टी कळतात ज्या याद्यांत येत नाहीत. पहिली अशी की अर्ध्या रुग्णांना औषध न देण्याचे नैतिक समर्थन टंचाईतून आले होते: औषध इतके थोडे होते की ते सर्वांना देणे शक्यच नव्हते. दुसरी अशी की औषधाला दाद न देणारे क्षयजंतू तयार होतात, हा इशारा याच अहवालात, यशाच्या आकड्यांच्या जोडीला, छापलेला आहे.

या अहवालाचा शोध घेताना सेवेची एक खोचही कळते. चाचणीची संख्याशास्त्रीय रचना करणाऱ्या ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे नाव लेखक म्हणून टाकले तर हा अहवाल सापडत नाही, कारण तो समितीच्या नावावर प्रसिद्ध झाला आहे. अशा वेळी नियतकालिक, वर्ष, खंड आणि पृष्ठ यांपैकी जे माहीत असेल ते भरून एकच नोंद शोधून देणारा जो स्वतंत्र तक्ता पबमेडने दिलेला आहे, तो वापरावा. मुख्य पानावर तो खाली, दुव्यांच्या गर्दीत, असून नसल्यासारखा आहे, पण जुन्या निबंधांसाठी शोधचौकटीपेक्षा तो कितीतरी जास्त कामाचा ठरतो.

इन्सुलिनचा पहिला वैद्यकीय अहवालही असाच मोफत वाचता येतो. तो कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलच्या मार्च १९२२ च्या अंकात आला. टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला ११ जानेवारीला पहिले इंजेक्शन दिले गेले होते. त्या अर्काने फारसे साधले नाही, म्हणून जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला आणि मुलाची रक्तशर्करा झपाट्याने उतरली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत अहवाल छापून आलेला दिसतो. लेखकांची नावे पाहावीत: बँटिंग, बेस्ट, कॉलिप, कॅम्पबेल, फ्लेचर. पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले ते बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना, आणि मॅक्लिऑड या लेखकांत नाहीत. श्रेय कोणाचे यावर झालेला वाद वाचण्याआधी हे एक पान वाचलेले बरे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा १९२९ चा निबंधही पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण मिळतो. त्याच्या लांबलचक शीर्षकाचा उत्तरार्ध असे सांगतो की पेनिसिलियम बुरशीच्या संवर्धनाचा विचार येथे विशेषतः इन्फ्लुएन्झाचा म्हणून समजला जाणारा जिवाणू वेगळा काढण्यासाठी केला आहे. म्हणजे इतर जंतू मारून एक विशिष्ट जंतू वाढवता यावा यासाठी प्रयोगशाळेत वापरायचे द्रव्य, हा निबंधाचा मुख्य विषय; जखमेवर लावण्याचा किंवा टोचण्याचा विचार त्यात येतो, पण दुय्यम म्हणून. पेनिसिलिनचे औषध झाले ते ऑक्सफर्डमध्ये. तेथे फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जंतुबाधा करून त्यांतील चौघांना पेनिसिलिन दिले, आणि त्याचा निबंध २४ ऑगस्ट १९४० च्या लॅन्सेटमध्ये आला.

येथे या सेवेतील सर्वांत गंभीर उणिवेशी गाठ पडते. फ्लेमिंग यांचा निबंध ज्या नियतकालिकात आला त्याचे जुने अंक खुले केलेले आहेत, तर लॅन्सेटचे जुने अंक प्रकाशकाकडे सशुल्क आहेत. जो वाचक ‘मोफत पूर्ण मजकूर’ हा फिल्टर लावून बसेल, त्याला पेनिसिलिनच्या इतिहासात फ्लेमिंग दिसतील आणि ऑक्सफर्डचा गट पडद्याआड राहील. लोकप्रिय गोष्टीतला जुना असमतोल येथे नकळत पुन्हा उभा राहतो. हीच तऱ्हा पुढेही आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे कार्यवृत्त खुले असल्यामुळे १९७३ मधील कोहेन, चँग, बॉयर आणि हेलिंग यांचा प्लाझ्मिड (जिवाणूतील डीएनएची छोटी कडी) जोडण्याचा निबंध, १९७७ मधील सँगर, निकलन आणि कूल्सन यांची डीएनएचा अनुक्रम वाचण्याची पद्धत आणि जिवाणूत मानवी इन्सुलिन तयार करण्याचा १९७९ चा निबंध हे तिन्ही घरबसल्या वाचता येतात. याउलट १९७५ मधील कोलर आणि मिल्स्टाइन यांचा एकसम (मोनोक्लोनल) प्रतिपिंडांवरील निबंध नेचरमध्ये आणि १९८५ चा पीसीआरचा निबंध सायन्समध्ये असल्याने वाचक प्रकाशकाच्या अटींवर अवलंबून राहतो. दोष पबमेडचा म्हणता येणार नाही, कारण हक्क प्रकाशकांचे आहेत. तरी निकालांच्या पानावर याची स्पष्ट सूचना असायला हवी होती, एवढी अपेक्षा गैर नाही.

ज्या मार्गावर सगळे दरवाजे उघडे आहेत तो मार्ग मात्र फार समृद्ध आहे, आणि त्यासाठी जर्नल ऑफ बॅक्टेरिओलॉजीच्या जुन्या अंकांइतकी चांगली जागा नाही. १९६९ मध्ये टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील गरम पाण्याच्या झऱ्यांतून एक नवा जिवाणू वेगळा केला आणि त्याला थर्मस अॅक्वाटिकस असे नाव दिले. सुमारे ७० अंश सेल्सिअसला तो सर्वांत चांगला वाढतो. निबंधाच्या सारांशात एक वाक्य असे आहे की हाच जिवाणू नळाच्या गरम पाण्यासारख्या मानवनिर्मित ठिकाणीही सापडला. दुर्मीळ झऱ्यांच्या कथेत हे वाक्य सहसा गळून जाते. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच नियतकालिकात चिएन, एडगर आणि ट्रेला यांनी या जिवाणूतून उष्णता सोसणारे डीएनए पॉलिमरेज हे डीएनएच्या प्रती बनवणारे विकर (एन्झाइम) वेगळे काढून ते ८० अंशांच्या आसपास सर्वांत चांगले काम करते असे दाखवले. त्यावेळी त्याचा पुढे काय उपयोग होईल याची कोणालाही कल्पना नव्हती.

१९८५ चा पीसीआरचा निबंध हा बीटा ग्लोबिन जनुक आणि सिकलसेल आजाराचे निदान यांविषयीचा म्हणून छापला गेला. सात लेखकांत पद्धतीचे जनक कॅरी मुलिस यांचे नाव चौथे आहे. पद्धतीवरील त्यांचा स्वतःचा निबंध मोठ्या नियतकालिकांनी नाकारल्यामुळे तो १९८७ मध्ये प्रयोगपद्धतींच्या एका ग्रंथमालिकेत आला. १९८५ च्या पद्धतीत वापरलेले विकर ई. कोलाय जिवाणूचे होते आणि डीएनएच्या साखळ्या सुट्या करण्यासाठी दिलेल्या उष्णतेत ते दर फेरीला नष्ट होई, म्हणून प्रत्येक फेरीनंतर नवे विकर घालावे लागे. १९८८ च्या निबंधात त्याच्या जागी थर्मस अॅक्वाटिकसचे विकर आले, आणि सगळ्या फेऱ्या एकाच नळीत, मध्ये हात न लावता, पूर्ण होऊ लागल्या. पीसीआर घरोघर पोचला तो या बदलानंतर. पबमेडमध्ये १९८८ च्या नोंदीपासून मागे जात १९८५, १९७६ आणि १९६९ च्या मिळून चारही नोंदी ओळीने लावून ठेवल्या की एकोणीस वर्षांची वाटचाल समोर येते, आणि यादीतील ‘पीसीआर, १९८५, मुलिस’ ही नोंद किती अपुरी आहे हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

चिएन यांच्या नोंदीवर क्षणभर थांबण्यासारखे आहे. नोंदीत ‘ए. चिएन’ एवढेच दिसते. ही आद्याक्षरे अॅलिस या नावाची आहेत, हे नोंदीवरून कळण्याचा मार्ग नाही. २००२ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या नोंदींत लेखकांची संपूर्ण नावे देण्याचा प्रघात नव्हता, फक्त आडनाव आणि आद्याक्षरे दिली जात. १९६० च्या दशकापूर्वीच्या पुष्कळ नोंदींत तर नावे सगळी मोठ्या अक्षरांत आहेत. २५ एप्रिल १९५३ च्या नेचरमध्ये ७३७ ते ७४१ या पाच पृष्ठांवर डीएनएविषयीचे तीन निबंध लागोपाठ आले. पहिला वॉटसन आणि क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स यांच्या गटाचा आणि तिसरा रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांचा. पबमेडमध्ये तिसऱ्याची नोंद ‘आर. ई. फ्रँकलिन’ अशी आहे. कॉलऱ्याचे विष जिवाणूपासून वेगळे असते हे १९५९ मध्ये दाखवणारे शंभुनाथ डे तर ‘एस. एन. डे’ झाल्यामुळे अशाच आडनावाच्या असंख्य नोंदींत हरवतात. नियतकालिकाचे नाव आणि वर्ष जोडल्याशिवाय ते सहज सापडत नाहीत. उलट आरएनएवरील २००५ च्या निबंधाच्या नोंदीत कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन ही नावे पूर्ण दिसतात. जुन्या नोंदींत पूर्ण नावे भरून घेणे हे मोठे काम असले तरी निदान प्रसिद्ध निबंधांपुरते ते करता येण्यासारखे आहे.

सारांशाबाबतही मर्यादा आहे. मेडलाइनच्या नोंदींत सारांश घालण्याचा प्रघात १९७५ पासूनचा, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक नोंदींत शीर्षकाखेरीज वाचण्यासारखे काही नसते आणि शोधयंत्रालाही शोधायला तेवढेच मिळते. १९४६ पूर्वीच्या नोंदी तर थोड्याच आहेत, आणि त्या मुख्यतः जुने अंक पबमेड सेंट्रलमध्ये चढल्यामुळे आलेल्या. म्हणून विषय टाकून जुने टप्पे शोधण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक आहे याचा पहिला भक्कम पुरावा देणारा एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांचा १९४४ चा निबंध घ्या: त्याच्या शीर्षकात न्यूमोकॉकस आहे, रासायनिक स्वरूप आहे, रूपांतर आहे, पण आनुवंशिकता किंवा जनुक कोठेही नाही. (हे मॅक्लिऑड इन्सुलिनवाले नव्हेत.) १९८७ मध्ये ई. कोलायच्या एका जनुकाचा अनुक्रम देताना जपानमधील इशिनो आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या भागातील चमत्कारिक पुनरावृत्त्यांची नोंद केली. त्याच पुनरावृत्त्यांना २००२ मध्ये क्रिस्पर (पुढे जनुकसंपादनाच्या तंत्राचेही हेच नाव झाले) म्हटले जाऊ लागले, म्हणून त्या नावाने शोध घेणाऱ्याला पंधरा वर्षांपूर्वीचा हा निबंध कसा मिळणार? नाव, नियतकालिक आणि वर्ष हाताशी ठेवूनच येथे यावे; दाराशी येऊन पत्ता विचारला तर येथे उत्तर मिळत नाही.

विषयशीर्षकांची जी व्यवस्था १९६० पासून चालू आहे, तिने ही अडचण काही अंशी भरून निघते. सुमारे तीस हजार ठरावीक शीर्षके आहेत आणि प्रत्येक निबंधाला त्यांतील योग्य ती जोडली जातात. ‘हेला पेशी’ हे त्यांतले एक शीर्षक. १९५१ मध्ये हेनरिएटा लॅक्स यांच्या गाठीतून त्यांच्या संमतीविना घेतलेल्या पेशींवर किती काम झाले, हे त्या एका शीर्षकाखाली येणाऱ्या प्रचंड निकालसंख्येवरून समजते. त्यांच्या नावाने शोधले तर संमती आणि मालकी यांविषयीची, बरीच अलीकडची, चर्चा हाती येते. दोन्ही शोध एकापाठोपाठ एक घेऊन त्यांचे वर्षनिहाय स्तंभ शेजारी ठेवून पाहावेत. पूर्वी ही शीर्षके प्रशिक्षित माणसे निबंध वाचून जोडत असत, २०२२ पासून हे काम संगणकी पद्धतीकडे गेले आहे. जुन्या नोंदींवर त्याचा परिणाम नाही, म्हणून इतिहासवाचकाने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

मागे घेतलेल्या निबंधांची वागणूक हा पबमेडचा सर्वांत स्तुत्य भाग आहे. मानवी भ्रूणाचे क्लोनिंग करून मूलपेशी मिळवल्याचा दावा करणारे दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांचे सायन्समधील २००४ आणि २००५ चे निबंध बनावट ठरले आणि जानेवारी २००६ मध्ये मागे घेण्यात आले. लॅन्सेटमधील अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा, बारा मुलांवर आधारलेला आणि लसीविषयी भीती पसरवणारा निबंध फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेण्यात आला. या नोंदी पुसून टाकलेल्या नाहीत. त्या जागच्या जागी आहेत, त्यांच्यावर निबंध मागे घेतल्याची ठळक पट्टी आहे आणि मागे घेण्याच्या निवेदनाचा दुवाही आहे. टप्पा म्हणून गाजलेली गोष्ट टप्पा नव्हती, हे सांगणारी यादी क्वचितच दिसते. येथे ते नोंदीवरच लिहिलेले असते.

जे मुळातच येथे नाही त्याचा विचार करूनच या सेवेकडे यावे. पबमेड नियतकालिकांतील लेखांची सूची आहे. एडवर्ड जेन्नर यांनी देवीच्या लसीचे निरीक्षण १७९८ मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून छापले, ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्ये ब्रूनच्या निसर्गाभ्यासक मंडळाच्या वृत्तांतात आला. या मूळ लेखनासाठी हे ठिकाण नव्हे. पेटंट येथे नाहीत, औषधाला मिळालेली मान्यता येथे नाही, न्यायालयाचे निकाल येथे नाहीत. जैवतंत्रज्ञानाचा धंदा म्हणून जो इतिहास आहे तो नेमका या कागदांत आहे. खनिज तेल पचवणाऱ्या जिवाणूचे पेटंट आनंदमोहन चक्रवर्ती यांना मिळू शकते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी दिला आणि जनुकीय बदल केलेल्या सजीवांवर मालकी सांगण्याचा रस्ता खुला झाला. जिवाणूत तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कोलर आणि मिल्स्टाइन यांच्या शोधाचे पेटंट घेतलेच गेले नाही. या तिन्ही गोष्टींवर नंतर लिहिलेले लेख पबमेडमध्ये मिळतील, मूळ दस्तऐवज मिळणार नाहीत. पेटंटपुरता पर्याय हवा असेल तर युरोप पीएमसी ही सेवा पाहावी. तिच्यात पबमेडच्या नोंदींबरोबर पेटंटांच्याही नोंदी आहेत, आणि तीही मोफत आहे. तिची मांडणी थोडी गजबजलेली वाटते.

विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक आणि विज्ञानविषयक लेखन करणारे यांनी ही सेवा अवश्य वापरावी, आणि सुरुवात खुल्या असलेल्या मालिकांपासून करावी. ग्रिफिथ १९२८, एव्हरी १९४४, हर्शी आणि चेस १९५२ ही डीएनएकडे नेणारी तीन पावले पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण मजकुरासह आहेत. त्यांतला एव्हरी यांचा निबंध लांब आणि सावध भाषेतला असल्याने तो वाचायला सवड काढावी लागेल. ज्याला केवळ सन आणि नाव यांची खात्री करायची आहे त्याने पबमेडच्या नोंदीवरची तारीख पाहावी आणि बाहेर पडावे. तेवढ्या कामासाठी मात्र छापील अंकाची आणि महाजालावर आधी प्रसिद्ध झाल्याची अशा दोन तारखा अलीकडच्या नोंदींत असतात हे ध्यानात ठेवावे, कारण क्रिस्परवरील दौदना आणि शार्पेंतिए यांचा निबंध जून २०१२ चा की ऑगस्ट २०१२ चा यावर होणारे वाद बहुधा त्या दोन तारखांतूनच निघतात.